केसपेपरवरचा 'धंदा' आणि अंगातला ताप

केसपेपरवर नाव, वय, गाव लिहून झालं की खाली एक रकाना असतो: धंदा. सिंधुदुर्गातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पंचवीसेक वर्षं आरोग्य सहाय्यक म्हणून काम केलं, आणि खरं सांगायचं तर हा रकाना मी निम्म्या वेळा न विचारताच भरला. बाई दिसली की 'घरकाम', इस्त्रीचा शर्ट दिसला की 'नोकरी'.

एका जुलैत चाळिशीचा एक गृहस्थ आला. शाळेत शिपाई. तीन दिवस ताप. बाकावर बसतानासुद्धा कण्हत होता. म्हणाला, "आंग मोडान इला हा, पोटरेक हात लावूक जमना नाय." मी लिहिलं 'नोकरी'. मलेरियासाठी रक्ताचा नमुना घेतला, तापाच्या गोळ्या दिल्या, पाठवला घरी. दोन दिवसांनी त्याला उचलूनच आणला. डोळे पिवळे, लघवी जवळजवळ बंद. तेव्हा बायको बोलली की मागचे दोन शनिवार-रविवार तो भावाच्या मळ्यात लावणीला होता, आणि टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस. जिल्ह्याच्या रुग्णालयात दोनदा डायलिसिस झालं, तेव्हा वाचला. त्याच्या केसपेपरवर मी 'नोकरी'ऐवजी 'नोकरी, पण आत्ता लावणी' असं लिहिलं असतं तर डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी वेगळी गोळी दिली असती.

इटलीत मोडेना इथं बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यानं एकाची भर घातली: तू काम काय करतोस? त्याला तीनशे वर्षं उलटून गेली, तरी ओपीडीच्या गर्दीत सगळ्यात आधी हाच प्रश्न गळतो. तो डॉक्टरांनी विचारावा हे खरं, पण विचारला नाही तरी आपण उत्तर तयार ठेवावं. त्यासाठीच हा लेख.

पहिली पायरी: पदाचं नाव सोडा, काम लिहा

एक कागद घ्या आणि गेल्या तीन आठवड्यांत हातापायांनी प्रत्यक्ष काय काय केलंत ते लिहून काढा. 'शेतकरी' लिहून भागत नाही. चिखलणी करणारा, गोठा धुणारा, काजूच्या बागेत पाचोळा ओढणारा आणि गवत कापणारा, चौघेही शेतकरीच. पण पहिल्याला लेप्टोची भीती, दुसऱ्याला गुरांकडून येणाऱ्या ब्रुसेलाची, तिसऱ्याला गोचिडाची, चौथ्याला किड्याच्या चाव्यातून येणाऱ्या स्क्रब टायफसची. 'नर्स'चंही तेच. बाह्यरुग्ण विभागात रक्तदाब मोजणारी आणि प्रसूतिगृहात रात्रपाळी करणारी यांचा पगार एकच असेल, धोका एक नाही. रस्ता झाडणारा आणि गटारात उतरणारा दोघेही 'सफाई कामगार'.

जोडधंदा विसरू नका. आपल्याकडे एका कामावर भागणारी घरं थोडीच. रिक्षा चालवणाऱ्याच्या दारात दोन म्हशी असतात, मास्तर सुट्टीत आंबा-काजू बघतात, बँकेतला कारकून गणपतीआधी गावी जाऊन पाणंदीतला गाळ उपसतो. हे सगळं कागदावर यायला हवं. घरातल्या दुसऱ्या कुणाचं काम तुमच्यापर्यंत पोहोचतं का, तेही लिहा. गाभडलेल्या (दिवस भरायच्या आधीच गर्भ पडलेल्या) गाईचं सगळं नवऱ्यानं केलं, पण त्याचे कपडे हातानं धुतले बायकोनं. अशा वेळी धोका तिलाही.

तीन आठवडेच का? कामावरून येणारे बरेचसे ताप तेवढ्या मुदतीत उठतात. काही उशिरा उठतात, म्हणून कागदाच्या तळाशी वर्षभर करत असलेली कामं वेगळी लिहा. त्याचा उपयोग पुढं कळेल.

दुसरी पायरी: जंतू कुठून शिरेल ते बघा

आता प्रत्येक कामापुढं एकेक वाट लिहायची. अंगात शिरायच्या वाटा मोजक्याच आहेत. फुटलेली किंवा भिजून मऊ झालेली कातडी, डोळे आणि नाक, श्वास, तोंड, किड्याचा चावा आणि सुईची टोच. लावणीपुढं 'कातडी' येईल, क्षयरोग विभागातल्या कामापुढं 'श्वास'. गटारापुढं कातडीही आणि तोंडही, कारण मैलापाण्यातून लेप्टोबरोबर कावीळ (अ आणि ई प्रकारची) आणि टायफॉइडही येतो. बांधकामाच्या जागेपुढं 'चावा' आला की लोक चकित होतात. मुंबईत मलेरिया पसरवणारा ॲनाफिलिस स्टिफेन्सी हा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. स्लॅबवर क्युरिंगसाठी (सिमेंट पक्कं व्हावं म्हणून) साठवलेलं पाणी, लिफ्टचा खड्डा, उघडे ड्रम त्याला फार आवडतात. मजूर झोपतो त्याच इमारतीत, आणि मच्छरदाणी नसते.

वाट लिहून झाली की तीन गोष्टी तपासा: किती वेळ, किती जवळून, आणि आड काही आहे का. हुद्द्यावरून धोका मोजला तर फसगत कशी होते, ते कोरोनात दिसलं. इंग्लंड आणि वेल्सच्या सांख्यिकी कार्यालयानं मे २०२० मध्ये पहिल्या लाटेतल्या मृत्यूंचा धंद्यानुसार हिशेब मांडला. पुरुषांमध्ये सुरक्षारक्षक, टॅक्सीवाले आणि बसचालक यांचं प्रमाण फार वर होतं. सगळ्यांचं लक्ष डॉक्टरांकडं होतं आणि दारावरच्या रखवालदाराकडं कुणीच बघत नव्हतं. दिवसभर अनोळखी माणसं, बंद जागा, घरून काम अशक्य. आपल्याकडं त्यात आणखी एक भर: खाडा झाला की रोज बुडतो, म्हणून माणूस ताप अंगावर काढत कामावर येतो आणि शेजारच्यालाही देतो. ही बाब कुठल्या रकान्यात बसत नाही, तरी मी ती धोक्यातच धरतो.

लावणीचा चिखल

लेप्टोचं जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्याकडं जून ते ऑक्टोबर हाच मोठा शत्रू.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा जंतू. उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात तो मुक्काम करतो, उंदराला काही होत नाही, आणि मुतातून बाहेर पडत राहतो. गुरं, डुकरं, कुत्री यांच्याही मुतातून येतो. उन्हात आणि कोरड्या जागी लवकर मरतो. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात मात्र आठवडेच्या आठवडे तग धरतो. म्हणजे बांधात उंदरांची बिळं, वरून पाऊस, खाली ढोपरभर चिखल आणि त्यात सकाळी सातपासून उघड्या पायांनी उभा माणूस. जंतूला याहून काय हवं? १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनादा आणि इदो यांनी तो कोळसा खाणीतल्या कामगारांत शोधला. तिथंही पाणी आणि उंदीरच. ऊसतोड, मासेमारी, गटारसफाई, कत्तलखाना, पुरातलं बचावकार्य, सगळीकडं तीच जोडी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची साथ आली. ज्यांनी जन्मात शेत पाहिलं नाही ते लोक त्या रात्री कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले होते.

बचावाची सुरुवात मे महिन्यात होते. पाय बघा. टाचांच्या भेगा आणि बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या, हीच उघडी दारं. आमच्याकडं भेगांना भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) कोमट करून लावतात. त्यानं लेप्टो टळतो असं नाही, पण कातडी सांधते, आणि सांधलेली कातडी हीच पहिली भिंत. पाऊस सुरू व्हायच्या आत भेगा भरून आल्या पाहिजेत. लावणी सुरू झाल्यावर लावलेलं तेल चिखलातच जातं.

उंदरांचा बंदोबस्तही त्याच सुमाराला, आणि सगळ्या वाडीनं एकाच वेळी करायचा. एकानं आपल्या बांधावरची बिळं लिंपली तर उंदीर शेजारच्या कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) जातात आणि आठ दिवसांत परत येतात. खळ्यातलं धान्य उघडं ठेवू नका. गोठ्याचं पाणी मळ्यात सोडायची सवय असेल तर लावणीपुरता तरी त्याचा पाट वळवा.

प्रत्यक्ष लावणीत गमबूट घाला असं पत्रकात छापलेलं असतं. मीही ती पत्रकं वाटली. पण चिखलात गमबूट रुततो, वरून पाणी भरतो आणि काढताना माणूस आडवा होतो. नांगरामागं किंवा पॉवर टिलरमागं चालणाऱ्याला तो जमतो, तरवा (भाताची रोपं) लावत उलट्या पावली सरकणाऱ्या बाईला नाही. तिला काय सांगावं? जखम असेल तर ती जलरोधक पट्टीनं झाका आणि त्या दिवशी चिखलात उतरण्याऐवजी तरवा काढायचं किंवा वाहायचं काम घ्या. हातात रबरी मोजे, निदान विळ्यानं कापलेल्या हातावर तरी. चिखलाच्या हातानं डोळे चोळू नका, मिश्री लावू नका, तंबाखू मळू नका. दुपारी जेवायला बसण्याआधी हातपाय साबण लावून चांगल्या पाण्यानं धुवा. मळ्यातल्या पाटात धुतलं तर धुतलं न धुतलं सारखंच. संध्याकाळी पाय कोरडे करा, बेचक्यांतसुद्धा.

राहिली गोळी. डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. १९८२ मध्ये पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकी सैनिकांवर हिची चाचणी झाली. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २० जणांना लेप्टो झाला, खरी गोळी घेणाऱ्यांत एकाला. लावणीच्या दिवसांत आरोग्य विभाग ही गोळी गावात देतो, पुरानंतर मुंबई महापालिकाही पाण्यातून चाललेल्यांना ७२ तासांच्या आत घ्यायला सांगते. पण काही पथ्यं आहेत. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचं मूल यांना ती द्यायची नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरं औषध ठरवतात. जेवण झाल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाही तर अन्ननलिका भाजल्यासारखी जळते. याच कारणानं लोक गोळ्या कपाटात ठेवून देतात, हे मी घरोघर पाहिलंय. "घेतली काय?" विचारलं की मान हलते, आणि कपाट उघडलं की पाकीट अख्खं! आणि हो, गोळी घेतली म्हणून अंगावर जखम घेऊन चिखलात नाचायची मुभा मिळत नाही.

काजूबाग, कवळ आणि गोचीड

लावणी संपून भात घरात आलं की धोका मळ्यातून रानात जातो. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि माणसं तापानं फणफणू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं (आजची राष्ट्रीय विषाणू संस्था) तो विषाणू ओळखला. पश्चिम घाटानं वर सरकत तो २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोहोचला.

विषाणू गोचीड वाहतं. साधारण डिसेंबर ते मे हा त्याचा मोसम, कारण तेव्हा गोचिडाची खसखशीएवढी बारीक पिल्लं पाचोळ्यात असतात. आता आपल्या कामांचं वेळापत्रक शेजारी ठेवा. भाजावळीसाठी (शेतजमीन भाजायला) कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या तोडणं आणि पातेरा (पाचोळा) गोळा करणं, सरपण, काजूच्या बागेची सफाई आणि नंतर खाली वाकून बोंडं वेचणं, सगळं नेमकं याच महिन्यांत. दोडामार्गात, बांद्याच्या बाजूला लोकांना ताप येत होता तो असाच.

रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट मोज्यांत खोचलेली, रंग फिका, म्हणजे गोचीड दिसेल. आरोग्य केंद्रात गोचीड लांब ठेवणारं 'डेपा' तेल मिळतं, ते उघड्या अंगाला लावा. पातेऱ्यावर टेकून जेवू नका. घरी आल्यावर कपडे दारातच काढून गरम पाण्यात टाका, अंघोळ करताना काखा, जांघा, कानामागं, केसांत हात फिरवा. चिकटलेलं गोचीड चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायचं. रॉकेल ओतणं, काडीनं चटका देणं, नखांवर चिरडणं हे प्रकार बंद. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनविभागाला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. तिथून पुढं त्या भागातलं काम काही दिवस थांबवायचं. अचानक चढलेला ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंगदुखी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त दिसलं तर थेट रुग्णालय. माणसाकडून माणसाला हा रोग पसरत नाही. तेव्हा रोग्याच्या घराला वाळीत टाकू नका.

विदर्भात याच्याशी नात्यानं लांबचा पण वागण्यानं जवळचा एक आजार आहे: स्क्रब टायफस. गवतातल्या चिगर नावाच्या बारीक किड्याच्या पिल्लाचा चावा. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरकडं बरेच रुग्ण निघाले. चावल्या जागी सिगारेटचा चटका दिल्यासारखा काळा खपला पडतो, बहुधा काखेत, जांघेत, छातीखाली, म्हणजे जिथं रुग्ण लाजून दाखवत नाही तिथं. दाखवा. त्या एका खपल्यावरून औषध ठरतं.

गोठा

गाय किंवा म्हैस पाचव्या महिन्यानंतर गाभडली, वार (गर्भाबरोबरचा पडदा) पडली नाही, तर ब्रुसेलाचा संशय धरायचा आणि त्या क्षणी हात आखडायचा. गाभडलेला गर्भ, वार आणि अंगावरचा स्राव यांत जंतू ठासून भरलेला असतो. आपल्याकडं वार अडकली की घरचाच जाणता माणूस कोपरापर्यंत हात घालतो, मोजे नाहीत, हाताला वैरणीचे ओरखडे. पशुवैद्यक आणि पशुधन पर्यवेक्षकांना हा आजार होतो तो असाच, शिवाय लस टोचताना सुई स्वतःला लागूनही होतो, कारण ब्रुसेलाची लस जिवंत जंतूंची असते.

लांब मोजे, डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क. वार आणि गर्भ कुत्र्यापुढं किंवा ओढ्यात टाकायचा नाही, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचा. दूध उकळूनच प्यायचं. धारोष्ण दुधाचं कौतुक करणारे आजोबा प्रत्येक घरात असतात, त्यांच्याशी वाद घालू नका, गुपचूप उकळा. खरवस शिजलेला असतो, त्याची चिंता नको. आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना, पारड्यांना सरकारी कार्यक्रमात ब्रुसेलाची लस मिळते. आयुष्यात एकदाच द्यायची असते, ती वेळ चुकवू नका.

माणसात ब्रुसेला फार फसवा. ताप येतो-जातो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, कंबर आणि सांधे धरतात, आणि हे महिनोन्महिने चालतं. टायफॉइडची औषधं होतात, क्षयाची होतात, सांधेदुखीची होतात. संसर्गापासून लक्षणांपर्यंत कधी एक आठवडा, कधी काही महिने. कागदाच्या तळाशी वर्षभराची कामं लिहायला सांगितलं ते यासाठी.

सुई लागली तर

परिचारिका, प्रयोगशाळेतले लोक, दवाखान्यात केर काढणाऱ्या मावशी आणि कचरावेचक, चौघांना एकच धोका. संसर्ग असलेल्या रुग्णाची सुई लागली तर एचआयव्ही व्हायची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तिघं. ब प्रकारच्या काविळीची, लस घेतली नसेल तर, ३० टक्क्यांपर्यंत. लोक पहिल्याला घाबरून रात्रभर झोपत नाहीत, आणि दुसरीवर लस असूनही घेत नाहीत! तीन डोस: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागू पडली का ते बघा. सफाई कामगाराला ही लस द्यायची जबाबदारी मालकाची आहे, ते मागून घ्या.

सुई लागलीच तर बोट पिळू नका, चोखू नका, ब्लीचमध्ये बुडवू नका. साबण आणि वाहतं पाणी, बस. मग लगेच, दोन तासांच्या आत जमलं तर उत्तम, सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नाही, आणि ते २८ दिवस घ्यावं लागतं. ड्युटी संपल्यावर सांगू, ओरडा बसेल, असं करत तासच्या तास जातात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात.

मधुमेहाची सुई घरी घेणाऱ्यांनी ती दुधाच्या पिशवीत गुंडाळून कचऱ्यात टाकली की ती कुणाच्या बोटात घुसते, याचा विचार करावा. जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरा, झाकण लावा, वेगळी द्या. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचकांनी सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढून वेगळं द्यायची मोहीम चालवली. ज्याला धोका आहे त्यानंच सुचवलेला, दहा पैशांचा उपाय. तज्ज्ञांच्या कितीतरी आराखड्यांपेक्षा मला तो जास्त पटतो.

धुळीतला क्षय

खडी क्रशर, दगडखाण, काच-कारखाना, वाळूच्या झोताची सफाई. इथं जंतू कामातून येत नाही, पण काम फुप्फुस असं करून ठेवतं की जंतूला जागा मिळते. दगडाच्या बारीक धुळीतली सिलिका फुप्फुसातल्या राखणदार पेशी मारते. सिलिकोसिस झालेल्याला क्षय व्हायचा धोका इतरांच्या कैक पट, आणि काम सोडल्यावरही तो धोका मागं येतो. तोंडाला बांधलेल्या रुमालातून ही धूळ सरळ आत जाते. खरा उपाय पाण्याचा फवारा, ओलं ड्रिलिंग, आणि तो मालकानं करायचा. दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासा, आणि एक्स-रे काढताना दगडाचं काम सांगा. सांगितलं नाही तर सिलिकोसिसला क्षय समजून गोळ्यांचे कोर्सवर कोर्स चालतात.

ताप आला: दवाखान्यात काय बोलायचं

आत गेल्यावर पहिलं वाक्य कामाचं असू द्या. "ताप आहे" हे तर दिसतंच. "बारा दिवसांपूर्वी लावणीला होतो, टाचेला भेग आहे, चौथा दिवस ताप" एवढं म्हटलंत की डॉक्टरांचा अर्धा शोध संपतो. मुदती ढोबळ लक्षात ठेवा: माकडताप चाव्यापासून तीन ते आठ दिवसांत, लेप्टो बहुधा पाच ते चौदा दिवसांत (कधी महिन्यापर्यंत), स्क्रब टायफस एक ते तीन आठवड्यांत, अ प्रकारची कावीळ दोन ते सात आठवड्यांत.

लेप्टोच्या रक्ततपासणीचं एक खोचक वागणं आहे. शरीरातली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी पहिल्या पाच-सहा दिवसांत 'नाही' म्हणू शकते, रोग असतानाही. म्हणून काम आणि लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर अहवालाची वाट न बघता औषध सुरू करतात, ते बरोबरच. तुम्ही 'रिपोर्ट तर निगेटिव्ह आहे' म्हणून मधेच बंद करू नका.

आणि अंगदुखीचं इंजेक्शन मागू नका. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं लेप्टोत मूत्रपिंडावर, डेंगीत रक्तस्रावावर उलटतात. पॅरासिटामॉल पुरे. डोळे लाल किंवा पिवळे होणं, लघवी कमी होणं, धाप, खोकल्यात रक्त, यातलं काहीही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका. रात्रीची गाडी बघा.

नुकसानभरपाईचा कागद

कामावरून झालेला संसर्ग हा कायद्यानं व्यवसायजन्य आजार ठरू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पहिलीच नोंद संसर्गजन्य आजारांची होती: आरोग्यसेवा, प्रयोगशाळा, पशुवैद्यक, जनावरं आणि त्यांची कातडी-हाडं हाताळणं, आणि संसर्गाचा विशेष धोका असलेलं कुठलंही काम. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती यादी आहे. स्वतःच्या मळ्यात राबणाऱ्याला याचा फायदा नाही, ही त्यातली मोठी फट. पण क्रशरवर, दवाखान्यात, कत्तलखान्यात, पालिकेच्या ठेकेदाराकडं असाल तर केसपेपरवर कामाची नोंद पहिल्या भेटीतच करून घ्या. नंतर ठेकेदार म्हणतो, हा आमच्याकडं नव्हताच. सुई लागली, जखमेसह गटारात उतरावं लागलं, तर तारीख-वेळ घालून मुकादमाला लेखी द्या, निदान मोबाइलवरून संदेश पाठवा.

त्या शिपायानंतर मी केंद्रात एक छोटी चिठ्ठी छापून घेतली होती, स्वतःच्या खर्चानं, पाचशे प्रती. ती इथं देतो, उतरवून घ्या आणि पावसाळ्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एकेक भरून आधारकार्डाच्या पाकिटात ठेवा:

*नाव. वय. नेहमीचं काम. गेल्या तीन आठवड्यांतलं काम (तारखांसह). जोडधंदा. घरात जनावरं: आहेत / नाहीत. एखादं गाभडलं का. चिखलात, पुराच्या पाण्यात, गटारात उतरलो: तारीख. तेव्हा जखम, भेगा, चिखल्या होत्या का. रानात, गवतात गेलो: तारीख. गोचीड, चावा, काळा खपला. सुई किंवा काच लागली: तारीख, वेळ. दगडाची धूळ: किती वर्षं. घेतलेल्या लसी. आठवड्याची गोळी खरोखर घेतली का.*

शेवटच्या प्रश्नातला 'खरोखर' मी दुसऱ्या छपाईत घातला.